बरोक काळातल्या प्रिंट्समधले कपडे: सरदार कोण, व्यापारी कोण, नोकर कोण हे कसं ओळखायचं

तुमचा प्रश्न मला असा समजला: सतराव्या शतकातल्या एका फ्रेंच नाटकाच्या मराठी रूपांतरासाठी तुम्ही कपडे डिझाईन करताय, रेफरन्स म्हणून कालो, बॉस, होलार, रेम्ब्रां अशा सगळ्यांची एचिंग्ज (लेप दिलेल्या तांब्याच्या प्लेटवर सुईने रेषा ओढून, ॲसिडने त्या खोदून छापलेली चित्रं) एका फोल्डरमध्ये टाकलीत, आणि आता विचारताय की यातून सरदार कोण, व्यापारी कोण, नोकर कोण हे कपड्यांवरून ओळखता येईल का, आणि हे सगळं कितपत खरं मानायचं. मी कॉश्च्युमवाला नाही, एचिंग करतो आणि शिकवतो, त्यामुळे माझं उत्तर थोडं तांब्याच्या प्लेटच्या बाजूने येईल, चालवून घ्या.

ओळखता येतं. पण तुम्ही जिथे बघताय तिथे नाही. लेस किती, रिबिनी किती, जर किती हे मोजत बसलात तर हमखास फसाल, कारण त्या काळात पैसा असलेला कुणीही लेस विकत घेऊ शकत होता आणि घेतही होता, राजालाच त्याचा त्रास व्हायला लागला होता म्हणून तर कायदे करावे लागले. मोठेपणा बघायचा तो माणूस उभा कसा आहे, त्याच्या हाताला काम आहे की नाही, त्याच्या मागे कोण आहे आणि चित्रकाराने त्या कापडावर किती मेहनत घेतलीय यात.

आधी फोल्डरबद्दल बोलतो, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच होणार आहे. "बरोक" (साधारण सतराव्या शतकातली युरोपची कलाशैली) म्हणून तुम्ही जे एकत्र केलंय ते सत्तर-ऐंशी वर्षांचं आहे हो, आणि या सत्तर वर्षांत पुरुषाचा कपडा वरपासून खालपर्यंत बदलला. १६३० च्या आसपासचा फ्रेंच सरदार बघा, कमरेच्या वर संपणारा डब्लेट (अंगाला घट्ट बसणारं जाकीट), खांद्यावर पसरलेली लेसची कॉलर, एका खांद्यावर टाकलेला क्लोक (झगा), वरून घडी पडलेले रुंद बूट. १६७० नंतरचा बघा, गुडघ्यापर्यंतचा लांब कोट, आत वेस्ट, गळ्याला क्रॅव्हॅट (गळ्याभोवती बांधायचा कापडी पट्टा), डोक्यावर विग, बूट जाऊन बकलचे शूज. बायकांचंही तसंच, १६८० नंतर डोक्यावर तारेच्या आधाराने उंच उभी केलेली लेस येते, लुई चौदाव्याच्या मर्जीतल्या फोंतांज नावाच्या बाईवरून तिचं नाव पडलं. बॉसच्या चित्रात ती कुठेच दिसणार नाही, कारण बॉस १६७६ लाच वारला. तेव्हा पहिलं काम म्हणजे प्रत्येक प्रिंटच्या फाईलच्या नावात साल टाका.

आता अब्राहम बॉस. तुमच्या नाटकासाठी सगळ्यात कामाचा माणूस हाच आहे असं माझं मत. तूर गावच्या एका शिंप्याचा मुलगा, आणि ते त्याच्या चित्रांत दिसतं, शिवण कुठून जाते, बाही कुठे फाडून आतला शर्ट दाखवलाय, कॉलर कुठल्या नाडीने बांधलीय हे त्याच्याकडे कधी चुकत नाही. १६३३ साली तेराव्या लुईने एक हुकूम काढला, सोन्याचांदीची जर, भरतकाम, महागडी लेस वापरायला बंदी. कारणं दोन होती. एक म्हणजे चांगली लेस व्हेनिसहून आणि फ्लँडर्सहून यायची, म्हणजे पैसा देशाबाहेर जायचा. आणि दुसरं, जे कायद्याच्या भाषेत जरा सभ्यपणे लिहितात, ते म्हणजे कोण कुठल्या घराण्यातला हे रस्त्यावर ओळखूच येईना. बॉसने लगेच यावर प्रिंट्स काढल्या. एकात नव्या हुकुमाप्रमाणे साध्या कपड्यात उभा असलेला दरबारी आहे आणि त्याचा नोकर ते सगळं जरतारी सामान पेटीत भरून ठेवतोय. जोडीला तशीच एक बाई, साध्या कॉलरमध्ये, लेस बाजूला काढून ठेवलेली.

ही दोन चित्रं नीट बघा, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. माणसाच्या अंगावर एक इंचही लेस नाही, तरी तो सरदार आहे हे लांबून कळतं. का कळतं? एक पाय पुढे, पंजा बाहेर वळलेला, वजन मागच्या पायावर, क्लोक जणू आपोआपच खांद्यावर राहिलाय असा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सामान उचलतोय तो दुसराच कुणीतरी. काढून ठेवायला इतकं आहे हेच तर त्याला दाखवायचंय. बंदीचा कायदा छापताना बॉसने बंदी घातलेल्या मालाचीच जाहिरात केली असं मला नेहमी वाटतं, पेटीतली लेस त्याने दरबाऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा कमी प्रेमाने काढलेली नाही. (असे कायदे फार टिकायचे नाहीत. पुढे १६६५ मध्ये लुई चौदाव्याचा मंत्री कोल्बेरने शहाणपणा केला आणि बंदीच्या जोडीला फ्रान्समध्येच लेसचे कारखाने काढले.)

बॉसचीच अजून एक प्रिंट घ्याच, साधारण १६३८ ची, पॅरिसमधल्या पॅले द जस्टिसच्या गॅलरीतल्या दुकानांची. कोर्टाच्या इमारतीतच दुकानांची रांग, एकीकडे पुस्तकं, मध्ये पंखे, हातमोजे आणि रिबिनी, पलीकडे कॉलर आणि लेस. काउंटरच्या अलीकडे उभे आहेत ते गिऱ्हाईक, पलीकडे दुकानदार, आणि गंमत म्हणजे दुकानातल्या बाईचा कपडा काही वाईट नाहीये, स्वच्छ आहे, चांगल्या लिननचा आहे, मापाचा आहे. फरक एवढाच की तिचे दोन्ही हात कामात आहेत. तुमच्या नटीला हे सांगा, कपड्यापेक्षा जास्त उपयोग होईल.

मग झाक कालो. हा लोरेनमधल्या नान्सीचा, आणि याचा बाप ड्यूकच्या दरबारी हेरल्ड होता, म्हणजे कोणाचं कुळ कुठलं, चिन्ह कुठलं, मान कितवा याचा हिशेब ठेवणारा अधिकारी. एक शिंप्याचा मुलगा आणि एक मानापमानाची वही ठेवणाऱ्याचा मुलगा, या दोघांनी मिळून त्या काळच्या फॅशनचं चित्र आपल्या डोक्यात पक्कं केलंय हे मला फार मजेशीर वाटतं. कालो फ्लॉरेन्सला तिथल्या राज्यकर्त्या मेदिची घराण्याकडे होता, १६२१ ला परत नान्सीला आला आणि त्या सुमाराला त्याने दोन सेट केले. एक बारा प्लेट्सचा, लोरेनच्या सरदारांचा आणि त्यांच्या बायकांचा. दुसरा पंचवीस प्लेट्सचा, भिकाऱ्यांचा. दोन्ही जवळपास एकाच मापाचे, हाताच्या पंजाएवढे, दोन्हींत एकेकटी उभी माणसं, तोच हात, तीच सुई.

हे दोन सेट स्क्रीनवर शेजारी शेजारी लावा. सरदाराच्या मागे खाली बुटकं क्षितिज आहे आणि तिथे मुंगीएवढी माणसं, घोडे, बाग, म्हणजे त्याला एक जग दिलंय, आणि क्षितिज इतकं खाली धरलंय की माणूस आपोआप पुतळ्यासारखा उंच वाटतो. भिकाऱ्याच्या मागे काहीच नाही, कोरा कागद. भिकाऱ्याच्या अंगावर खरं तर कपडे जास्त आहेत, एकावर एक, चिंध्यांचे थर, पिशव्या, काठ्या, टोप्या, आणि त्याच्या रेषा तुटक, वेड्यावाकड्या; सरदाराच्या क्लोकच्या रेषा लांबच लांब, एका श्वासात ओढलेल्या, सुरुवातीला बारीक, मध्ये जाड, शेवटी परत बारीक. ही जाड-बारीक रेषा काढायचं हत्यार म्हणजे एशोप, तिरकं कापलेलं अंडाकृती टोक असलेली सुई, हातात फिरवली की रेषा फुगते. त्यासाठी कालोने ग्राउंडही (प्लेटवरचा लेप) बदललं, ल्यूट हे तंतुवाद्य बनवणारे कारागीर जे कडक व्हार्निश वापरायचे ते प्लेटवर लावलं, कारण नेहमीच्या मऊ मेणाच्या ग्राउंडमध्ये अशी रेषा काढताना कडा तुटतात. बॉसने हे सगळं १६४५ मध्ये पुस्तक लिहून छापलं, एचिंग कसं करायचं यावरचं पहिलं सविस्तर पुस्तक तेच. आणि त्यात त्याचा सगळा जोर कशावर, तर एचिंग असं दिसलं पाहिजे की बघणाऱ्याला ब्युरिनने (कोरायच्या टोकदार हत्याराने) थेट तांब्यात कोरलेलं एन्ग्रेव्हिंग वाटावं. म्हणजे बघा, रेषेलासुद्धा वरच्या वर्गात जायचं होतं.

कापड दाखवायची पद्धत थोडी सांगतो, कारण तुम्ही यावरून कापड निवडणार आहात. साटन म्हणजे मोठे पांढरे पट्टे आणि त्याला लागून एकदम गडद, मधला करडा फार कमी. मखमल उलटी, कडेला उजेड आणि मध्ये काळोख, दोन-तीन दिशांचं क्रॉस हॅचिंग (एकमेकींना छेदणाऱ्या रेषा), आणि प्लेट ॲसिडमध्ये परत परत टाकून, उजळ भाग व्हार्निशने झाकून, फक्त गडद भाग खोल खाल्लेला. लोकर म्हणजे एका दिशेच्या समांतर रेषा, चमक नाही. आणि लेस कुणी रेषेने काढत नाही, लेसची भोकं काढतात, धागा म्हणजे सोडलेला कोरा कागद. त्यामुळे चित्रात जे सगळ्यात महाग आहे तिथे शाई सगळ्यात कमी असते. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की आधी पटत नाही, मग ते एक कॉलर करून बघतात आणि आठवडाभर माझ्याशी बोलत नाहीत.

यातून एक धोका निघतो जो कॉश्च्युमवाल्यांना सहसा कुणी सांगत नाही. तांबं मऊ असतं, छापून छापून झिजतं, आणि आधी जातात त्या सगळ्यात बारीक रेषा. मखमल करडी पडते, साटनचा काळोख पांढऱ्यात मिसळतो, लेसची भोकं बुजल्यासारखी होतात. म्हणजे एकाच प्लेटचा सुरुवातीचा प्रूफ (पहिल्या छापांपैकी एक) आणि पन्नास वर्षांनी दुसऱ्या प्रकाशकाने छापलेला कागद यात एकच माणूस एकदा सरदार दिसेल आणि एकदा कारकून. इंटरनेटवर दोन्ही सारखेच फिरतात. शक्यतो मोठ्या म्युझियमच्या साईटवरूनच इमेज घ्या, रिक्सम्यूझियम, मेट, ब्रिटिश म्युझियम, आणि होलारसाठी टोरांटो युनिव्हर्सिटीच्या फिशर लायब्ररीचं कलेक्शन फार चांगलं आहे. त्याच प्रिंटच्या दोन-तीन कॉपी उघडा आणि सगळ्यात काळी, सगळ्यात कुरकुरीत दिसते ती घ्या.

दुसरं, आरसा. प्लेटवर जे डावीकडे ते कागदावर उजवीकडे. शहाणा माणूस आधीच ड्रॉइंग उलटं करून घेतो, पण सगळे घेत नाहीत, आणि नकला करणारे तर अजिबात नाही, छापील चित्र समोर ठेवून तसंच्या तसं प्लेटवर काढायचं, छापलं की झालं उलटं. त्या काळात चोरून नकला करणारे चिक्कार. उजव्या हाताचा माणूस तलवार डाव्या कमरेला लावतो. तुमच्या चित्रात ती त्या माणसाच्या उजव्या कमरेला असेल तर क्लोक कुठल्या खांद्यावर, हातमोजा कुठल्या हातात, सगळंच उलटं धरा. तलवार आहे का हेही बघाच, फ्रान्समध्ये तो सरदारांचा मान समजला जाई, व्यापाऱ्याच्या कमरेला ती आली की बघणारे हसायचे. विनोदी नाटक असेल तर ही गोष्ट वापरा.

होलार वेगळा आहे. व्हेन्सेस्लाउस होलार, जन्म प्रागचा, १६०७ चा, अरुंडेलच्या अर्लबरोबर (एका बड्या इंग्लिश सरदाराबरोबर) इंग्लंडला आला आणि १६४० मध्ये इंग्लिश बायकांच्या कपड्यांचा सव्वीस प्लेट्सचा सेट काढला, वरती दरबारी बाई आणि खाली उतरत उतरत गावाकडची बाई. बॉसच्या चित्रात नाटक असतं, होलारच्या चित्रात नसतं, तो नुसता बघतो. म्हणून विश्वास ठेवायचा तर मी होलारवर जास्त ठेवीन. त्याच्याकडून एक फार कामाची गोष्ट कळते: श्रीमंत व्यापारी आणि शहराचा कारभार बघणाऱ्या घरातल्या बायका फॅशनमध्ये मुद्दाम मागे असतात. दरबारी बाईने गळा मोकळा सोडून वीस वर्षं झाली तरी या बायकांच्या गळ्यात ती जुनी गोल, कडक इस्त्रीची रफ कॉलर आणि डोक्यावर हॅट. कापड उत्तम, शिवण उत्तम, पण कट सासूच्या काळातला. तुमच्या नाटकातल्या व्यापाऱ्याच्या बायकोला गरीब दाखवू नका, जुनी दाखवा. होलारची ही चित्रं इंग्लिश आहेत हे खरं, पण तत्त्व पॅरिसलाही लागू पडतं.

त्याच्या चार ऋतूंच्या सेटमधली हिवाळ्याची बाई, १६४३ ची, मागे लंडनचा कॉर्नहिल, तोंडावर काळा मास्क, हातात फरचा मफ (दोन्ही हात आत घालून उबेत ठेवायची नळी). खाली कवितेच्या ओळी आहेत, की ही जनावरांची कातडी पांघरते ती थंडीमुळे, क्रूरपणामुळे नाही, आणि पुढे जरा चावटपणा आहे तो तुम्ही स्वतः वाचा. इंग्लंडमधल्या यादवीत पुढे तो अँटवर्पला गेला आणि तिथे त्याने नुसते मफ काढले. बाई नाहीच. १६४७ च्या एका प्रिंटमध्ये टेबलावर मफ, हातमोजे, लेस, पंखा असं पडलंय, बस. तो फर बघताना बोट लावून बघावंसं वाटतं. केसाकेसाएवढ्या आखूड फटकाऱ्यांनी केलेलं आहे ते, आणि मधे कुठेही बाह्यरेषा नाही, कडेला फटकारे विरळ होतात आणि फर हवेत संपते. एचिंगमध्ये यापेक्षा चांगली फर मी पाहिलेली नाही, रेम्ब्रांचीही नाही. आणि इथे दर्जा बघा कुठे आलाय, माणूस गेला, कुळ गेलं, नुसता माल उरला.

रेम्ब्रां मात्र फोल्डरमधून काढा. रागावू नका. तो कपडे काढतो ते बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या पेटीतले, जुने, पूर्वेकडचे, नाटकी. १६३९ चं ते कठड्यावर कोपर टेकलेलं सेल्फ पोर्ट्रेट, ज्याची मखमली बाही तुम्हाला आवडलीय, तो त्याच्या काळाचा कपडाच नाही, शंभर वर्षांपूर्वीचा आहे, राफाएल आणि टिशियन या जुन्या इटालियन चित्रकारांच्या पंगतीत बसायचं म्हणून घातलेला. म्हणजे दर्जाची भूक तिथेही आहेच, पण फॅशन नाही. एकच ठेवा, १६४७ चा यान सिक्स. ॲमस्टरडॅमच्या कापड आणि रंगाईच्या धंद्यातल्या श्रीमंत घरातला तरुण, खिडकीला टेकून वाचतोय, तलवार बाजूला काढून ठेवलेली, कपडे जरा ढिले. घरात, एकटा, कुणाला काही दाखवायची गरज नसलेला माणूस. तुमच्याकडे जन्मतः श्रीमंत आणि नवश्रीमंत अशी जोडी असेल तर पहिल्याला हे द्या आणि दुसऱ्याला सगळ्या रिबिनी.

शेवटी पॅरिसच्या रू सँ-जाक या रस्त्यावरच्या दुकानांतल्या प्रिंट्स, १६७० च्या दशकापासून पुढच्या. बोन्नार भावंडं, जाँ द्यो द सँ-जाँ वगैरे. यावरून कट, लांबी, बाहीचा घेर, विगची उंची हे घ्या, कारण फॅशनच विकायची होती, ती चुकीची दाखवून चालणार नव्हतं. पण खाली लिहिलेल्या नावांवर विश्वास ठेवू नका. अमुक राजकन्या, तमुक ड्यूकची पत्नी असं लिहिलेलं असतं आणि चेहरा सगळ्यांचा तोच गुळगुळीत. नाव लावलं की प्रिंट खपायची, एवढंच. घेणारे लोक मुळात दरबारातले नव्हतेच, दरबार बघायची हौस असलेले होते. काही हौशी लोक तर प्रिंटमधला कपड्याचा भाग कापून मागून खऱ्या रेशमाचे तुकडे चिकटवायचे, अशा काही प्रिंट्स आजही शिल्लक आहेत आणि कापडाच्या दृष्टीने तुम्हाला त्या सोन्यासारख्या आहेत. १६७८ मध्ये मर्क्यूर गालां नावाच्या नियतकालिकाने फॅशनच्या चित्रांसकट खास अंक काढला, कुठलं कापड, कुठली लेस हे सांगत, आजच्या फॅशन मासिकाची सुरुवात तिथे धरायला हरकत नाही.

हे सगळं छापणाऱ्या लोकांचा स्वतःचा दर्जा काय होता तर तोही लोंबकळताच. १६६० मध्ये लुई चौदाव्याने हुकूम काढून एन्ग्रेव्हिंगला गिल्डच्या (कारागिरांच्या संघटनेच्या) बंधनातून मोकळं केलं, ही कला आहे, कारागिरी नाही असं मान्य केलं. तिकडे लंडनमध्ये होलार तासाला चार पेन्सवर काम करायचा म्हणतात, वाळूचं घड्याळ समोर ठेवून, आणि गरिबीतच गेला. बॉसचं पॅरिसच्या चित्रकारांच्या अकादमीशी भांडण झालं आणि त्याला तिथून बाहेर काढलं.

तुम्ही जाता जाता विचारलंय की आपल्याकडचा काही रेफरन्स मिळेल का. फ्रेंच नाटकात तो घालू नका, पण बघायला एक आहे. लिन्सखोटेन नावाचा डच माणूस १५८० च्या दशकात गोव्यात आर्चबिशपकडे नोकरीला होता, त्याचं पुस्तक १५९६ मध्ये ॲमस्टरडॅमला छापलं, त्यात गोव्याच्या बाजाराची आणि तिथल्या पोर्तुगीजांची मोठी एन्ग्रेव्हिंग्ज आहेत. बरोकच्या जरा आधीची, पण सतराव्या शतकभर युरोप गोवा बघत होता तो याच चित्रांतून. त्यातला पोर्तुगीज फिदाल्गो (सरदार) बघा, पालखीत किंवा घोड्यावर, आणि शेजारी त्याच्यावर छत्री धरून चालणारा माणूस. अब्दागिरीचा मान म्हणजे काय हे मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही, आणि बॉसचा पेटी भरणारा नोकर हे तेच काम वेगळ्या पद्धतीने करतोय.

नोकरांच्या कपड्यांसाठी कालोचे भिकारी वापरू नका, नोकर भिकारी नव्हते, मोठ्या घरचा नोकर मालकाच्या पैशाने बऱ्यापैकी नटलेला असायचा. त्यासाठी बॉसच्या घरगुती प्रसंगांतले कोपरे झूम करा, स्वयंपाकघर, बेकरी, बार्बर, बूट शिवणारा, शाळामास्तर, या सगळ्यांवर त्याच्या प्रिंट्स आहेत. बाह्या कुठपर्यंत दुमडल्यात आणि ॲप्रन कशाला खोचलाय हे तिथे मिळेल. तुमचं नाटक १६७० च्या आसपासचं असेल तर मात्र बॉसवरून फक्त वावर घ्या, कपडा बोन्नारवरून घ्या.